पोर्टलवर 'मिसिंग' आणि मुलगी म्हणते 'दिलंय': ओरडायच्या आधी काय काय बघायचं

अमेरिकेत मुलं मिडल स्कूलला (साधारण सहावी ते आठवी) गेली की हा प्रश्न दर मार्किंग पीरियडला, म्हणजे शाळेच्या वर्षाचा जो एकेक भाग संपला की रिपोर्ट कार्ड येतं त्या प्रत्येक भागात, येतोच. आमच्या इथे न्यू जर्सीत मराठी शाळेच्या पालकांचा जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे त्यात रविवारी संध्याकाळी कुणी ना कुणी शाळेच्या पोर्टलचा, म्हणजे मार्क दाखवणाऱ्या वेबसाइटचा, स्क्रीनशॉट टाकतंच, की परवा सायन्सला ब्याण्णव होते आज पासष्ट दिसतायत, खाली लाल अक्षरात मिसिंग (काम आलेलंच नाही) लिहिलंय, आणि पोरगी शप्पथ घेऊन सांगतेय की दिलंय, आता कुणाचं खरं मानायचं? तर बऱ्याच वेळा दोघांचंही खरं असतं. फक्त ते वरच्या टक्क्याकडे बघून कधीच कळत नाही, त्या टक्क्यावर क्लिक करून आतली एकेक ओळ वाचावी लागते. एवढं सविस्तर लिहितेय कारण या एका शब्दापायी मुलं विनाकारण बोलणी खातात, आणि दोनतीनदा असं झालं की पुढच्या वेळी खरंच राहिलेलं काम लपवायला शिकतात, आणि मग ते उलगडायला खूप जड जातं.

आधी हे बघा की तुम्ही कुठलं पोर्टल उघडलंय

बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये (गावातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणारी संस्था) दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि आपण नवीन असलो की दोन्हीला 'पोर्टल'च म्हणतो. एक म्हणजे जिथे मूल काम सबमिट करतं, म्हणजे गुगल क्लासरूम किंवा कॅनव्हास किंवा स्कूलॉजी. दुसरं म्हणजे जिथे शाळेचं अधिकृत रेकॉर्ड असतं, हजेरी, वेळापत्रक, मार्क, रिपोर्ट कार्ड, म्हणजे पॉवरस्कूल, इन्फिनिट कॅम्पस, आमच्याकडे बऱ्याच गावांत जेनेसिस. मूल काम देतं पहिल्यात आणि आपण मिसिंग बघतो दुसऱ्यात. काही ठिकाणी दोन्ही जोडलेली असतात आणि मार्क आपोआप पलीकडे जातात, पण बऱ्याच ठिकाणी टीचर हाताने भरतात, आणि मिडल स्कूलच्या एकेका टीचरकडे चार-पाच वर्ग असतात, तेव्हा शुक्रवारी दिलेलं काम सोमवारी जेनेसिसमध्ये दिसलं नाही तर त्यात मुलाचा काहीच दोष नाही. म्हणून पहिली तपासणी हीच, की मुलाला शेजारी बसवून पहिल्या जागेवर जायचं आणि तिथे काय लिहिलंय ते त्यालाच वाचायला सांगायचं.

गुगल क्लासरूममध्ये असाइनमेंट उघडली की उजव्या कोपऱ्यात 'युअर वर्क' असा चौकोन असतो आणि त्यावर छोट्या अक्षरात स्थिती लिहिलेली असते: असाइन्ड (काम दिलंय, अजून जमा नाही), टर्न्ड इन (जमा केलंय), मिसिंग, किंवा डन लेट (उशिरा जमा केलंय). इथेच निम्म्याहून जास्त भांडणं मिटतात असं माझं मत आहे. ओळखीतल्या एका सेव्हन्थ ग्रेडच्या मुलाची सोशल स्टडीजची स्लाइड्स अशीच राहिली होती. बारा स्लाइड्स पूर्ण, चित्रं, नकाशे, शेवटी संदर्भांची यादीसुद्धा, सगळं त्या चौकोनात जोडलेलं, आणि त्याखाली 'टर्न इन' चं बटण जसंच्या तसं निळं. त्याच्या मते फाइल तिथे दिसतेय म्हणजे टीचरकडे गेली. आईच्या मते याने कामच केलं नाही. बटण दाबलं, टीचरला दोन ओळी लिहिल्या, उशिराचे थोडे मार्क कापून बाकीचे मिळाले.

याचाच एक भाऊ म्हणजे अनसबमिट, जमा केलेलं काम परत मागे घेणं. मुलाने वेळेत दिलेलं असतं, मग रात्री आठवतं की एक स्पेलिंग चुकलंय, तो अनसबमिट करून दुरुस्त करतो आणि परत टर्न इन करायचं विसरतो. आणि मुदत उलटल्यावर परत दिलं तर ते लेट धरलं जातं, आधीची वेळ चालत नाही. म्हणून 'आई मी दिलं होतं' यातला 'होतं' नीट ऐका, त्याने खरंच दिलं होतं.

कॅनव्हासमध्ये जरा वेगळं चालतं. ऑनलाइन द्यायचं काम मुदतीपर्यंत आलं नाही की कॅनव्हास स्वतःच मिसिंगचा शिक्का लावतं, टीचरने बघितलेलं पण नसतं. पण काही कामं दुसऱ्याच वेबसाइटवर असतात, गणिताची प्रॅक्टिस, सायन्सचं सिम्युलेशन, वाचनाचा प्रश्नसंच, मूल तिथे जाऊन पूर्ण करून येतं आणि कॅनव्हासला त्याची खबरच पोचत नाही, मग इथे मिसिंग आणि तिथे शंभर टक्के. अशा वेळी त्या दुसऱ्या साइटवरचं पूर्ण झालेलं पान उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. आणि अजून एक जे खूप वेळा होतं ते म्हणजे गुगल डॉकची लिंक. मूल लिंक कॉपी करून कॅनव्हासमध्ये टाकतं पण डॉकचं शेअरिंग बदलत नाही, टीचरने उघडलं की परवानगी मागणारं पान येतं, आणि त्यांना वाचताच येत नाही म्हणून शून्य जातं. परवानगी मागितल्याचा ईमेल मुलाच्या शाळेच्या इनबॉक्सात पडलेला असतो, आणि मुलं ईमेल बघत नाहीत हे आपल्याला माहीतच आहे.

कागदावर दिलेल्या कामाचं म्हणाल तर नाव न लिहिलेला कागद. बऱ्याच वर्गांत नाव नसलेल्या कागदांचा एक ट्रे असतो, मुलाला सांगा की उद्या आधी तिथे बघ, मग टीचरला विचार.

एका मिसिंगने ब्याण्णवचे पासष्ट कसे होतात

हे गणित एकदा नीट समजून घेतलं की छातीतली धडधड कमी होते म्हणून पूर्ण करून दाखवते. समजा सायन्सला टेस्टला 50 टक्के वजन आहे, लॅबला 30, होमवर्कला 20. हे वजन सप्टेंबरमध्ये टीचर जो सिलॅबसचा कागद सहीसाठी पाठवतात त्यात लिहिलेलं असतं, तो कागद फोटो काढून ठेवा. मार्किंग पीरियड नुकताच सुरू झालाय, टेस्ट अजून एकही झालेली नाही. एका लॅबला 20 पैकी 18, होमवर्कच्या दोन कामांना 10 पैकी 9 आणि 10 पैकी 10. टेस्टचा खाना रिकामा आहे म्हणून पोर्टल त्याचं वजन बाजूला ठेवतं आणि उरलेल्या 50 मध्येच वाटणी करतं, म्हणजे लॅबला प्रत्यक्षात 60 टक्के आणि होमवर्कला 40. लॅब 90 टक्के, होमवर्क 95 टक्के, एकूण 92. छान.

आता दुसरी लॅब, ती पण 20 मार्कांची, ती मिसिंग आणि टीचरने 0 भरला. लॅब झाली 40 पैकी 18, म्हणजे 45 टक्के. त्याचे 60 टक्के 27, होमवर्कचे तेच 38, एकूण 65. एका कामाने. मुलगी बिघडली नाही, अभ्यास सोडला नाही, फक्त पीरियडच्या सुरुवातीला मोजायला फार थोडं असतं म्हणून प्रत्येक शून्य एवढा मोठा दिसतो. पुढच्या आठवड्यात तिने ती लॅब दिली, 17 मिळाले, टेस्टला 88 मिळाले, की तोच आकडा 89.25 होतो. आणि लॅब दिलीच नाही तर टेस्टला 88 मिळूनसुद्धा 76.5 वर अडकतो. म्हणजे त्या कामाच्या मागे लागणं गरजेचं आहेच, पण 65 बघून क्लासेस लावायची, सॉकर बंद करायची गरज नाही.

इथे शून्य आणि रिकामा खाना यातला फरक फार महत्त्वाचा. रिकामं असेल किंवा नुसती रेघ असेल तर ते काम अजून तपासलेलं नाही आणि सहसा टक्क्यात धरलेलं नाही. 0 असेल तर धरलंय. पुष्कळ टीचर मुद्दाम शून्य भरून ठेवतात, म्हणजे मुलाचं आणि पालकाचं लक्ष जावं, आणि काम आलं की बदलतात. हे मला स्वतःला फारसं आवडत नाही कारण घाबरणाऱ्या मुलांना ते झेपत नाही, पण टीचरची त्यामागची भावना कळते. एक्झेम्प्ट किंवा एक्स्क्यूज्ड लिहिलं असेल तर ते काम माफ आहे, विसरून जा. इन्फिनिट कॅम्पसमध्ये एम म्हणजे मिसिंग, एल म्हणजे लेट, पॉवरस्कूलमध्ये त्याच्या जागी रंगीत चिन्हं असतात आणि चिन्हांचा अर्थ त्याच पानावर खाली दिलेला असतो, तिथपर्यंत स्क्रोल करा.

कॅनव्हासवाल्यांनी अजून एक बघायचं. ग्रेड्सच्या पानावर बाजूला एक चौकट असते, फक्त तपासलेल्या कामांवरून हिशोब करा अशा अर्थाची. त्यातली टिक कुणी काढली असेल तर अजून न झालेली सगळी कामं शून्य धरून आकडा दाखवतो आणि ऑक्टोबरमध्येच मूल नापास दिसतं. टिक परत लावा. त्याच पानावर मुलांना 'व्हॉट इफ' करून बघता येतं, पुढच्या टेस्टला इतके पडले तर किती होईल असं. ते आकडे खरे नसतात आणि टीचरला दिसत नाहीत, तेव्हा मुलाच्या स्क्रीनवर अचानक अठ्ठ्याण्णव दिसले तर पेढे वाटायच्या आधी पान रिफ्रेश करा. आणि मार्कांच्या जागी काट मारलेला डोळा असेल तर टीचरने मार्क अजून जाहीर केलेले नाहीत, मुलगा काही लपवत नाहीये.

मुलाच्या पासवर्डने बघू नका

हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते. मुलाच्याच लॉगिनने आत गेलं की सूचना वाचलेल्या अशा खुणेत जातात आणि मुलाला त्या नवीन म्हणून दिसतच नाहीत. चुकून क्विझ उघडली तर वेळ सुरू होते. आणि मुलाला सतत कुणीतरी मागे उभं आहे असं वाटतं ते वेगळंच. पालकांचं वेगळं खातं बहुतेक ठिकाणी मिळतं, आई आणि बाबा दोघांचं वेगळं वेगळं काढता येतं, आणि एका खात्यात दोन्ही मुलं जोडता येतात.

कॅनव्हासमध्ये त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. मुलाने ब्राउझरमधून स्वतःच्या अकाउंटच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'पेअर विथ ऑब्झर्व्हर' दाबायचं, सहा अक्षरांचा कोड येतो, तो तुम्ही कॅनव्हास पेरेंट अ‍ॅपमध्ये टाकायचा. कोड चालत नाही अशी जी तक्रार येते त्याची कारणं ठरलेली आहेत: कोड सात दिवसच टिकतो, एकदाच वापरता येतो, म्हणजे बाबांनी वापरला की आईला नवीन लागतो, आणि कॅपिटल-स्मॉल तसंच्या तसं टाकावं लागतं. सेटिंग्जमध्ये ते बटणच नसेल तर डिस्ट्रिक्टने ही सोय बंद ठेवलीय, ऑफिसला विचारा ते खातं कसं देतात. पॉवरस्कूलला प्रत्येक मुलासाठी शाळेकडून एक अ‍ॅक्सेस आयडी आणि अ‍ॅक्सेस पासवर्ड मिळतो, तो फक्त खातं जोडायला, रोज लॉगिन करायला तुमचं स्वतःचं युजरनेम. पुष्कळ जण रोज तो आयडीच टाकत बसतात आणि म्हणतात लॉगिन होत नाही. इन्फिनिट कॅम्पसला अ‍ॅक्टिव्हेशन की असते, ती लांबलचक असते, हाताने टाइप न करता ईमेलमधून कॉपी पेस्ट करा.

खातं आधी चालत होतं आणि ऑगस्टमध्ये बंद पडलं असं असेल तर बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये वर्षाच्या सुरुवातीचे फॉर्म भरल्याशिवाय, पत्ता आणि इमर्जन्सी काँटॅक्ट पक्के केल्याशिवाय पुढची पानं उघडतच नाहीत, वर कुठेतरी 'फॉर्म्स' असा दुवा असतो तो बघा. अपार्टमेंट बदलून नवीन घरात गेलेल्यांना हे हमखास होतं, कारण ईमेल किंवा फोन शाळेच्या रेकॉर्डमध्ये जुनाच राहिलेला असतो.

गुगल क्लासरूमबद्दल मोठा गैरसमज आहे. त्यातून पालकांना रोजची किंवा आठवड्याची ईमेल समरी मिळते, टीचरने किंवा शाळेने बोलावणं पाठवलं की आणि तुम्ही ते 120 दिवसांच्या आत स्वीकारलं की. त्यात राहिलेली कामं, येणारी कामं, वर्गात काय झालं ते असतं. मार्क नसतात. तुम्ही महिनाभर मार्कांची वाट बघत बसाल, ते तिथे येणार नाहीत, मार्क त्या दुसऱ्या पोर्टलवरच.

आणि बाबा ऑफिसच्या कामाने पुण्याला गेलेत आणि तिथून बघतायत तर वेळेचा घोळ होतो. रात्री 11:59 ची मुदत हिवाळ्यात आपल्या ईस्टर्न वेळेने म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी सकाळचे 10:29, उन्हाळी वेळेत 9:29. खात्याचा टाइम झोन भारतावर गेला असेल तर तारीखच एक दिवस पुढची दिसते. अशा वेळी घरी असलेल्या माणसाच्या स्क्रीनवरची तारीख खरी धरा.

एलिमेंटरीच्या, म्हणजे मिडल स्कूलच्या आधीच्या शाळेतल्या, मुलांना वरचं फारसं लागू नाही कारण बऱ्याच ठिकाणी तिथे टक्के नसतात, 1 ते 4 असे आकडे असतात, आणि आपल्याला सवय शंभरातल्या मार्कांची, त्यामुळे 4 पैकी 3 बघितले की डोक्यात 75 टक्के येतात आणि चेहरा पडतो. तिथे 3 चा अर्थ साधारण असा की या इयत्तेत जेवढं यायला हवं तेवढं मुलाला येतंय. चांगलं आहे ते. आजीला फोनवर सांगताना पण तसंच सांगा.

तरीही मिसिंग जात नसेल तर

आधी मुलाने स्वतः टीचरला विचारायचं, तोंडी किंवा ईमेलने. सिक्स्थ ग्रेडपासून टीचरची हीच अपेक्षा असते आणि मुलांना ते जमतं, पहिल्या वेळी फक्त शेजारी बसा. दोनतीन शाळेचे दिवस गेले आणि काही हललं नाही तर मग तुम्ही लिहा. छोटं लिहा: मुलाचं पूर्ण नाव, त्या विषयाचा दिवसातला कितवा तास (पीरियड), असाइनमेंटचं पोर्टलवर जसं लिहिलंय तसंच नाव, मुदत कधीची होती, आणि टर्न्ड इन दिसणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट. मग एकच प्रश्न, की तुमच्याकडे हे दिसतंय का आणि अजून काही द्यायचं राहिलंय का. तुम्ही मार्क चुकवले असं लिहू नका, मुलाचीही बाजू लंगडी करू नका. मिस्टर किंवा मिस आणि आडनाव, एवढं पुरतं. तरी उत्तर नाही आलं तर गाइडन्स काउन्सेलर, म्हणजे शाळेतले समुपदेशक, त्यांना लिहा.

ज्यांना इंग्रजीत बोलायला अवघड जातं, किंवा आईबाबा नोकरीवर आणि आजीआजोबाच मुलाचं बघतायत, त्यांनी शाळेकडे दुभाषा मागावा. इथल्या नागरी हक्कांच्या कायद्यानुसार सरकारी शाळांना पालकांशी त्यांना समजेल अशा भाषेत बोलावं लागतं आणि त्याचे पैसे घेता येत नाहीत. मुलालाच दुभाषा करून त्याच्याच मिसिंगबद्दल बोलायला लावणं त्याच्यावर अन्याय आहे.

रिपोर्ट कार्डमध्येच चुकीचा आकडा छापला गेला तर 1974 चा फेर्पा नावाचा कायदा आहे, त्यानुसार मुलाचं रेकॉर्ड बघायचा हक्क पालकांना आहे, आणि लेखी मागितल्यावर शाळेला 45 दिवसांच्या आत ते दाखवावं लागतं. आकडा भरताना झालेली चूक दुरुस्त करून मागता येते. टीचरने दिलेले मार्क कमी वाटतात म्हणून मात्र हा कायदा वापरता येत नाही, त्यासाठी टीचर आणि प्रिन्सिपलशीच बोलावं लागतं. मूल 18 वर्षांचं झालं किंवा कॉलेजला गेलं की हा हक्क त्याच्याकडे जातो, मग कॉलेजचं पोर्टल तो दाखवेल तेवढंच दिसणार.

फोनवरचे प्रत्येक मार्काचे अलर्ट बंद करा, आठवड्यातून एकदा येणारी सूचना ठेवा. दुपारी दोन वाजता ऑफिसात बसल्या बसल्या 'सायन्स 65' असं फोनवर आलं की मूल बसमधून उतरायच्या आधीच आपण मनात सगळं भांडण करून बसलेलो असतो, आणि त्याला तर अजून माहीतही नसतं काय झालंय. ठरवून एक वार घ्या, माऊस मुलाच्या हातात द्या, त्यालाच एकेक विषय उघडून सांगू द्या की कुठे काय राहिलंय आणि ते तो कधी देणार आहे. मार्किंग पीरियड संपायच्या दहा-बारा दिवस आधी मात्र एकदा नक्की बसा, कारण उशिरा दिलेली कामं त्या तारखेनंतर बरेच टीचर घेत नाहीत, आणि पीरियड बदलला की पोर्टल नवीन कोरं पान दाखवतं, जुनं बघायला वरून पीरियड बदलावा लागतो. जुनं मिसिंग गेलं असं वाटतं, ते गेलेलं नसतं.

आणि जे जूनमध्ये दुसऱ्या स्टेटला किंवा परत भारतात जाणार आहेत त्यांनी शेवटच्या आठवड्यात फायनल ग्रेड्सची पीडीएफ उतरवून घ्या. उन्हाळ्यात बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये पालकांची बाजू बंद होते आणि मूल शाळेतून काढल्यावर खातंच जातं. नवीन शाळेत ॲडमिशनसाठी ती पीडीएफ सहसा चालत नाही, सहीशिक्क्याची ट्रान्सक्रिप्ट (शाळेने दिलेली अधिकृत गुणपत्रिका) लागते, ती रजिस्ट्रार किंवा गाइडन्स ऑफिसकडून मे महिन्यातच मागून ठेवा, जुलैत ऑफिसात माणसं कमी असतात.